खडूने लिहिलेलं दुकान

समस्त वाचकांस, त्यांच्या आप्तेष्टांस आणि हा अंक पुड्या बांधायला नेणाऱ्या दुकानदारांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, कोणतं दुकान टिकणार आणि कोणतं गुंडाळणार हे ओळखण्याची विद्या झाशी शहरात एका मनुष्याला प्राप्त झालेली आहे. तो ज्योतिषी नाही, बँकेतला साहेब नाही, व्यापारी मंडळाचा अध्यक्ष तर नाहीच नाही. तो दुकानांच्या पाट्या रंगवतो. तो मी.

विद्या सोपी आहे, म्हणून इथेच देऊन टाकतो. जो गिऱ्हाईक सांगतो, "पेंटरबाबू, ऐसा पेंट मारो कि मेरा पोता भी यही बोर्ड देखे," त्याचा पत्रा वर्षभरात माझ्या अंगणात परत येतो. आणि जी सांगते, "भैया, छोटा-सा लिख दो, वैसे भी बंद ही करना है," तिची पाटी उन्हानं विटली की दुसऱ्यांदा रंगवायला मीच जातो. पहिल्याला बहुधा मिशा असतात. दुसरीच्या हातात बहुधा पिशवी असते, कारण ती घरी भाजी आणते म्हणून सांगून निघालेली असते. अपवाद आहेत. अपवादांनी समक्ष येऊन भेटावं.

आमचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर इकडे आले. कोणी भाला आणला, कोणी लेखणी. माझ्या वाटणीला ब्रश आला. पाट्या हिंदीत, भांडणं बुंदेलीत आणि जेवण मराठीत, असा आमचा कारभार. आता घरात फ्लेक्सचं मशीनही आहे. ते बायको चालवते आणि दर महिन्याला म्हणते, "दोन वर्षांत हे बंद करणार बरं का मी." म्हणजे मशीन आम्हा दोघांच्या मागे राहणार, यात शंका नाही.

हातानं पाटी कशी रंगवतात हे हल्ली कुणाला ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. पत्रा घासायचा, त्यावर अस्तराचा रंग द्यायचा. तो वाळला की खडूनं माखलेली दोरी ताणायची आणि टण्णकन सोडायची, सरळ रेघ उमटते. त्या रेघेवर अक्षरं आधी खडूनं काढायची. इथवर गिऱ्हाईक काहीही बदलू शकतो. नाव बदला, गाव बदला, बायकोचं नाव काढून आईचं घाला, सगळं एका फडक्यात होतं. मग ब्रश लागतो आणि गिऱ्हाइकाचं तोंड बंद होतं. खडू आणि रंग यांतला हा फरक लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

चांगला पत्रा मी टाकत नाही. दुकान बुडालं की त्याच पत्र्यावर दुसरं चढवायचं. गजेंद्र भैयाचा पत्रा हे त्यातलं माझं सगळ्यात लाडकं अपत्य. गजेंद्र भैया उमदा गडी. छाती पुढे, मनगटात कडं, बोलणं लाउडस्पीकरसारखं. पहिल्यांदा आला तेव्हा लिहून घेतलं, 'गजेंद्र मोबाइल पॅलेस'. म्हणाला, "लाइफटाइम का काम है, गुरू." पुढे तोच पत्रा 'गजेंद्र जूस कॉर्नर' झाला, मग 'गजेंद्र जिम', मग 'गजेंद्र मोमोज'. मी 'गजेंद्र' कधी पुसतच नाही, पुढचं तेवढं बदलतो. दर वेळी तो पत्र्याकडे भरल्या डोळ्यांनी पाहतो आणि म्हणतो, "अब यही मेरी अर्थी के साथ जाएगा." आणि तो खोटं बोलत नसतो. त्या क्षणी त्याला खरोखरच आयुष्यभर मोमो उकडायचे असतात.

गजेंद्रहून वरचढ एक कापडवाले होते. त्यांनी माझ्याकडून पाटी करून घेतली, 'दुकान बंद हो रही है, सारा माल निकालना है'. छान लाल अक्षरं काढली. पाच-सहा पावसाळ्यांनंतर ते तणतणत आले, पाटी आपटली. "ये क्या रंग लगाया था? उड़ गया! दूसरी बनाओ, और इस बार गारंटी दो, दस साल चलनी चाहिए." दुकान बंद होत असल्याची पाटी दहा वर्षं टिकावी म्हणून गारंटी देणारा भूतलावर मी एकटाच असेन.

बायकांची तऱ्हा निराळी. एका पार्लरवाल्या बाईंनी मला दोन्ही बाजूंनी रंगवलेली पाटी करायला लावली. पुढे 'ब्यूटी पार्लर', मागे 'सुस्वागतम्'. सासरे गुरसरायहून यायचे असले की पाटी उलटायची. सासरे दारात उभे राहून खूश होत, बहू किती आदरानं स्वागत करते! दुसऱ्या एक पापड आणि बडी, म्हणजे आपले सांडगे, विकणाऱ्या. त्यांना पाटीला खिळे नको होते, आकडा हवा होता. मोठे दीर गल्लीत दिसले की पाटी आकड्यावरून काढून पलंगाखाली. "कितने दिन चलाओगी, दीदी?" मी विचारलं. "अरे, बस ये सीज़न." तो सीझन अजून चालू आहे.

इथं एक कबुली देतो. 'बंदच करणार' असं म्हणणाऱ्या या बायकांसाठी मी हलका रंग वापरत असे. एकच हात मारायचा, सावलीची अक्षरं नाहीत, कडेला वेलबुट्टी नाही. बंदच करणार म्हणतात ना! आणि गजेंद्रसारख्यांना तीन तीन हात. म्हणजे जे जाणार त्यांना टिकाऊ रंग आणि जे राहणार त्यांना उडणारा. अर्धं आयुष्य मी हे उलटं करत आलो, आणि ते ध्यानात आणून दिलं सुमनवहिनींनी. त्यांनी तर माझ्याकडून रंग कधी घेतलाच नव्हता.

सुमनवहिनी माझ्या नात्यातल्या. नातं नक्की काय ते विचारू नका. झाशीत मराठी घरं इतकी थोडी की जो नात्यात नाही तोही नात्यातच धरायचा. लक्ष्मी ताल नावाच्या तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मिश्राजींच्या इमारतीत, एका चिंचोळ्या गाळ्यात त्यांचं फॉल-पिको आणि ब्लाउज सैल-घट्ट करून देण्याचं दुकान. दाराशी शाळेतल्यासारखा काळा फळा, त्यावर खडूनं 'सुमन फॉल-पिको सेंटर'. पुसट झालं की मला निरोप, "भाऊजी, जरा गिरवून द्या." एकोणीस वर्षं मी ती अक्षरं खडूनं गिरवत होतो.

"वहिनी, एकदा ऑइलपेंट मारतो," मी म्हणायचो.

"नको हो. दिवाळीनंतर बंदच करायचंय."

याचं मूळ त्यांच्या घरात. त्यांच्या सासूबाई, माई. सुनेनं रस्त्यावर दुकान मांडून बसावं हे माईंना पहिल्या दिवसापासून पसंत नव्हतं. दसऱ्याला सोनं देऊन झालं की माई मोठ्यानं विचारत, "मग सुमन, कधीपर्यंत?" वहिनी वाकून नमस्कार करत आणि म्हणत, "दिवाळीपर्यंत, माई." दिवाळी झाली की "लग्नसराईपर्यंत". लग्नसराई आटोपली की "शाळेचे गणवेश होईपर्यंत". मग सावन, मग राखी, की आला पुन्हा दसरा. वहिनींचे यजमान अरविंदराव कचेरीत कारकून. त्यांचं मत विचारलं तर ते मान अशी हलवतात की होकार आणि नकार दोन्ही पक्षांना आपापला घेऊन जाता येतो.

आणि दुकान बंद होतंय की नाही यावर लक्ष ठेवायला माई रोज दुपारी बाराला स्वतः दुकानात येत. आधी उभ्या राहत. मग स्टूल आलं. मग वेताची खुर्ची आली, खुर्चीवर उशी आली, भिंतीवर चष्म्यासाठी खिळा आला आणि कोनाड्यात अडकित्ता. तिथं बसून माई प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, "हे बंद होणार आहे हं. बिटिया, बंद करने वाले हैं हम." मग जरा थांबून, "पण कपडा दाखव बघू. अरे, इस पे हरा फॉल? किसने बताया? मैरून लगवाओ. और लड़का कहाँ का है?" संध्याकाळी पाचपर्यंत अर्ध्या शहराची लग्नं माईंच्या हाताखालून जात. त्या खुर्चीकडे मीही एकोणीस वर्षं पाहत होतो, पण मला दिसत होता तो फक्त विरोधी पक्ष.

गेल्या वर्षी दसरा झाल्या झाल्या मिश्राजींनी बाँब टाकला. मिश्राजी म्हणजे निवृत्त गणिताचे मास्तर, मूळचे मोठ गावचे. वहिनींच्या शेजारचा गाळा त्यांनी एकापाठोपाठ एक भाडेकरूंना देऊन पाहिला होता. सगळे 'आजीवन' म्हणत आले आणि गेले. मास्तर वैतागले. मधली भिंत पाडून दोन्ही गाळे एकाच माणसाला द्यायचे, आणि जो टिकेल त्यालाच द्यायचे, असं त्यांनी ठरवलं. त्यासाठी त्यांनी चक्क प्रश्नपत्रिका काढली. प्रश्न एकच होता. 'आप यह दुकान कितने वर्ष चलाने का संकल्प करते हैं?' खाली रिकामी जागा. 'शनिवार को सबके सामने मौखिक परीक्षा भी होगी', अशी तळटीप.

अर्ज दोनच आले. एक वहिनींचा, कारण गाळा गेला तर दुकान गेलं. दुसरा कोणाचा? ओळखलंत! 'गजेंद्र फॅमिली रेस्टॉरेंट'. गजेंद्रनं रिकाम्या जागेत आधी '९९' लिहिलं, ते खोडून 'आजीवन' लिहिलं आणि खाली जोडलं, 'मेरे बाद मेरा बेटा'. बेटा तेव्हा दुधाच्या बाटलीवर होता.

वहिनींचा कागद शिलाई मशीनखाली कोराच. मी विचारलं, "वहिनी, खरं सांगा. किती वर्षं चालवायचंय?"

त्यांनी दातानं दोरा तोडला. "सुई ओवता येईल तोपर्यंत, भाऊजी."

"मग लिहा की तेच!"

"लिहीन कशी? माईंना दिवाळी सांगितली आहे."

"एकदा खरं सांगून टाका ना माईंना."

"सांगितलं की चर्चा होईल. चर्चा झाली की प्रत्येकाचं मत होईल. एकोणीस वर्षं घरात कोणाचं मत झालेलं नाही, म्हणून तर दुकान चालू आहे." मग हळूच म्हणाल्या, "पण मौखिकला 'दिवाळीपर्यंत' म्हटलं की मास्तर मला नापास करणार."

मी तो पेच ऐकला आणि माझ्यातला नाटकी माणूस जागा झाला. ठरवलं, वहिनींना बोलावंच लागू नये. पाटीच बोलेल! रविवारी दुकान बंद होतं. मी स्टूल लावलं आणि त्या काळ्या फळ्यावर खडूच्या अक्षरांवरून ऑइलपेंट फिरवला. पिवळी अक्षरं, लाल सावली, तीन हात, कडेला वेलबुट्टी, दोन मोर. आणि खाली लिहिलं, 'हमेशा आपकी सेवा में'. एकोणीस वर्षांची हौस एका दिवसात फेडली. दोन पावलं मागे जाऊन पाहिलं, डोळे भरून आले. गजेंद्रला काय होत असेल ते तेव्हा कळलं.

सोमवारी दुपारी बाराला माई आल्या. मी समोरच्या टपरीवर चहा घेत बसलो होतो, शाबासकीची वाट पाहत. माईंनी चष्मा वर-खाली केला. पदराचं टोक जिभेला लावलं आणि 'हमेशा' घासून पाहिलं. पुन्हा घासलं. मग आत वळून म्हणाल्या, "सुमन, हे पुसत नाहीये."

मशीन थांबलं.

"रंगानं लिहिलंस? मला दिवाळी सांगतेस आणि रस्त्याला हमेशा सांगतेस?"

माई खुर्चीवर न बसताच घरी परत गेल्या. असं कधीच झालं नव्हतं. मी चहा टाकून धावलो.

"भाऊजी, काय केलंत हे!" वहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी ते एकोणीस वर्षं बोलले नाही, तुम्ही मोर काढून सांगितलंत."

"टर्पेंटाइननं काढतो, आत्ता काढतो!"

"आता काढलं तरी ते बोलणंच होईल."

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. माईंनी घरी जाहीर केलं, "दिवाळी म्हणजे दिवाळी. पाडव्याला कुलूप." वहिनींनी मान खाली घातली. दुकानात वेताची खुर्ची रिकामी. येईल ती बाई विचारायची, "अम्माजी कहाँ हैं? मुझे तो उन्हीं से पूछना था." एक नवरी तर फॉल न लावताच साडी परत घेऊन गेली. अम्मांनी रंग पास केल्याशिवाय तिला धीर होईना.

आणि घरी माई काय करत होत्या, हे अरविंदरावांनी मला घाबऱ्या आवाजात सांगितलं. सोमवारी दुपारी त्यांनी मसाल्याचे डबे पुन्हा लावले. मंगळवारी ते पहिल्यासारखे लावले. बुधवारी दूधवाल्याला अडवून त्याच्या बहिणीचं लग्न जमवायला घेतलं, तर त्याला बहीणच नव्हती. गुरुवारी घड्याळासमोर बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "हे मंद चालतंय. मिस्त्रीला दाखव." अरविंदरावांनी दोन्ही बाजूंनी मान हलवली.

शनिवार उजाडला. रिकाम्या गाळ्यात मिश्राजी टेबल मांडून बसले, समोर दोन उत्तरपत्रिका, कानावर पेन. मला साक्षीला बोलावलं होतं, "आप तो सबके बोर्ड जानते हैं." माई अरविंदरावांबरोबर आल्या, दुकानाचा शेवट आपल्या डोळ्यांनी बघायला. वहिनींनी शेजारून वेताची खुर्ची आणून ठेवली, उशीसकट. माई तोंड फिरवूनच, पण बसल्या.

गजेंद्र नारळ, हार आणि मोजायची टेप घेऊन आला. निकालाआधीच मोजणी सुरू. "यहाँ तंदूर, यहाँ काउंटर…" मोजत मोजत तो माईंपर्यंत पोहोचला. टेप माईंच्या मांडीवरून गेली. "अम्माजी, ज़रा उठिए. आपकी जगह डीप फ्रीज़र आएगा."

माई उठल्या नाहीत. त्यांनी टेपकडे असं पाहिलं की ती आपोआप सुर्रकन डबीत शिरली.

मिश्राजींनी पुकारलं, "गजेंद्र, कितने वर्ष?"

"आजीवन, गुरुजी! माँ कसम!"

मी साक्षीदार म्हणून पुढे झालो. गजेंद्रचा पत्रा बरोबर आणलाच होता. खरवडायची पट्टी काढली आणि खरवडायला लागलो. मोमोजखालून जिम निघाली. जिमखालून जूस. जूसखालून मोबाइल पॅलेस. मास्तर प्रत्येक थराला पेन्सिलीनं कागदावर एक उभी रेघ मारत होते. गजेंद्र जरासा ओशाळला, पण लगेच सावरला. "गुरुजी, वो सब रिसर्च था."

"हं," मास्तर म्हणाले. "अब आप, सुमनजी. कितने वर्ष?"

वहिनींनी पदर सारखा केला. मिश्राजींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग माईंकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील, सुई ओवता येईल तोपर्यंत! ओठ हललेही. पण एकोणीस वर्षांची सवय. माईंची नजर नजरेला भिडली आणि तोंडातून तेच निघालं.

"दिवाली तक."

गजेंद्रनं नारळ उचलला. मिश्राजींनी सुस्कारा सोडला, कानावरचं पेन काढलं आणि वहिनींच्या कोऱ्या जागेत 'दि' लिहायला घेतला. मी डोळे मिटून घेतले.

यापुढचं आधीच सांगून टाकतो, कारण शेवटचं वाक्य माझं नाही आणि त्यानंतर बोलण्यात अर्थ नाही. भिंत पाडली. दोन्ही गाळे वहिनींचे आहेत. मोर जागच्या जागी आहेत. या दसऱ्यालाही सोनं देताना प्रश्न झाला, "कधीपर्यंत?" आणि उत्तर झालं, "दिवाळीपर्यंत, माई," आणि दोघीही गंभीर राहिल्या. गजेंद्र परवाच येऊन गेला, 'गजेंद्र इव्हेंट्स' लिहून दे म्हणाला, लाइफटाइमसाठी. मी त्याला एकच हात मारून दिला. पार्लरवाल्या आणि पापडवाल्या बाईंकडे स्वतःहून गेलो आणि तीन हात देऊन आलो. कशाला म्हणून विचारलं तर म्हटलं, रंग उरला होता.

तर मिश्राजींचा 'दि' अर्धा झाला होता. वेताची खुर्ची करकरली. माईंनी दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते, जणू गजेंद्र ती आत्ताच ओढून नेणार होता. त्यांचा चेहरा लाल झाला होता. आणि सुनेचं दुकान बंद व्हावं म्हणून एकोणीस वर्षं झटलेली ती बाई सगळ्यांच्या देखत ओरडली,

"मिश्राजी, दिवाळी-बिवाळी काही लिहू नका! हिनं दुकान बंद केलं तर दुपारची मी बसू कुठं?"